तापाच्या औषधाचे माप

मध्यरात्र उलटून गेली आहे, मूल तापाने फणफणले आहे आणि घरातील कोणी वडील माणूस कपाटातून औषधाची बाटली काढून दिव्याखाली धरीत आहे, हे दृश्य कोणत्याही घराला अपरिचित नाही. बाटली मागच्या आजारपणातली असते. तिच्यासोबत आलेले मोजमापाचे झाकण केव्हाच हरवलेले असते. मग स्वयंपाकघरातून चमचा येतो. ‘एक चमचा द्या’ असे कोणी म्हणते, ‘लहान आहे, अर्धाच पुरे’ असे दुसरे कोणी म्हणते, आणि औषध मुलाच्या पोटात जाते. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. परंतु त्याचे श्रेय त्या चमच्याला देता येत नाही. ते केवळ सुदैव होय.

ताप आणि अंगदुखी यांवरील जी औषधे आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून दुकानात मिळतात, त्यांचे वय फार नाही. ती सारी गेल्या दीडशे वर्षांच्या आतली आहेत. त्यांतले मुलाला किती द्यावे, हा प्रश्न दिसावयास किती साधा! पण त्याचे उत्तर मिळावयास ही सारी वर्षे लागली, आणि त्या उत्तराचा एकेक भाग कोठल्या ना कोठल्या बालकांच्या प्राणांचे मोल देऊन हाती आला. हा इतिहास ठाऊक असला म्हणजे बाटलीवरील बारीक अक्षरे नीरस वाटत नाहीत.

मुलाची मात्रा मोठ्या माणसाच्या मात्रेहून निराळी असते, हे ज्ञान काही नवीन नव्हे. काश्यपसंहिता हा बालचिकित्सेवरील आपल्याकडचा प्राचीन ग्रंथ. नुकत्याच जन्मलेल्या बालकाला औषध द्यावयाचे ते वावडिंगाच्या फळाएवढे, असे त्यात सांगितले आहे. महिन्यामागून महिना ते वाढवीत न्यावे; पण मात्रा आवळ्याएवढी झाली की तिच्यापुढे मात्र जाऊ नये. आरंभ अल्पाने, वाढ क्रमाक्रमाने आणि शेवटी एक न ओलांडण्याची मर्यादा, असे हे तीन पायऱ्यांचे शहाणपण आहे.

मराठी घरांनी हीच रीत सहाणेवर उतरविली. बेळगाव असो, इंदूर असो वा बडोदे असो, जुन्या घरात बाळगुटी उगाळणारी आजी हळकुंड, वेखंड, हिरडा, मुरुडशेंग ही द्रव्ये अंदाजाने उगाळीत नसे. प्रत्येकाचे वेढे मोजलेले असत. बाळ महिन्याचे असताना किती, तीन महिन्यांचे झाल्यावर किती, याचा हिशेब तिच्या बोटांत होता. आणि जायफळ गुंगी आणते म्हणून त्याचा वेढा ती हात राखूनच देई. गुटीच्या गुणावगुणांचा प्रश्न निराळा आहे. आजचे बालरोगतज्ज्ञ पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधावाचून दुसरे काही देऊ नये असेच सांगतात. तथापि त्या आजीचा मोजण्याचा कटाक्ष विसरण्याजोगा नव्हता.

युरोपात सोळाव्या शतकात पॅरासेल्सस या वैद्याने हाच विचार सूत्ररूपाने मांडला. प्रत्येक पदार्थात विषाचा अंश आहे आणि एखादी वस्तू विष ठरावी की औषध, हे केवळ तिच्या मात्रेवर अवलंबून आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. पण मुलाची मात्रा काढावयाची कशी? एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी थॉमस यंग या इंग्रज पंडिताने एक हिशेब सांगितला. मुलाच्या वयाच्या वर्षांत बारा मिळवावे, त्या बेरजेने वयाला भागावे आणि जो अपूर्णांक येईल तेवढा मोठ्या माणसाच्या मात्रेचा अंश मुलाला द्यावा. चार वर्षांच्या मुलाला याप्रमाणे चौथा हिस्सा येतो. हिशेब सुटसुटीत होता आणि म्हणून तो फार दिवस चालला. पण चार वर्षांची दोन मुले एका वजनाची नसतात. एक बारा किलोचे असते, दुसरे अठरा किलोचे. म्हणून पुढे क्लार्कच्या नियमाने वयाऐवजी वजन हिशेबात आले. तरीही मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस, ही समजूत दोन्ही नियमांच्या मुळाशी कायमच होती. तान्ह्या बाळाचे यकृत आणि मूत्रपिंडे अद्याप पुरती तयार झालेली नसतात. औषध शरीरातून बाहेर टाकण्याची त्यांची रीत आणि गती निराळी असते. हे नीट उमगावयास विसावे शतक उजाडावे लागले.

मधल्या काळात तापावरची नवी औषधे जन्माला आली, आणि त्यांतले पहिलेच एका चुकीतून आले. १८८६ साली स्ट्रासबुर्ग येथे कान आणि हेप हे दोन तरुण डॉक्टर पोटातील जंतांवर नॅप्थॅलीन देऊन पाहत होते. एका रोग्याचे जंत गेले नाहीत, पण ताप मात्र झपाट्याने उतरला. चौकशी केली तेव्हा कळले की, औषध देणाऱ्याने नॅप्थॅलीनऐवजी अ‍ॅसिटानिलाइड हा दुसराच पदार्थ दिला होता. तोच ‘अँटिफेब्रिन’ या नावाने बाजारात आला. तो ताप उतरवी, पण रक्तावर असा परिणाम करी की, रोग्याचे ओठ आणि नखे निळी पडत. त्यापाठोपाठ फेनासेटिन आले आणि १८९९ साली अ‍ॅस्पिरिन आले. पॅरासिटामॉल हा त्यांचाच भाऊबंद १८९३ साली एकदा तपासला गेला होता. पण तोही दोषी असावा अशा समजुतीने बाजूला पडला. पुढे १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रोडी आणि अ‍ॅक्सलरॉड यांनी दाखविले की, अ‍ॅसिटानिलाइडचे शरीरात मुख्यतः पॅरासिटामॉलच होते आणि गुण येतो तो त्याचाच. अर्धशतक अडगळीत पडलेले औषध असे पुन्हा उजेडात आले. १९५५ साली अमेरिकेत ते ‘टायलेनॉल’ या नावाने आले, ते खास मुलांसाठी तयार केलेल्या पातळ औषधाच्या रूपात.

परंतु तोपर्यंत घरोघर राज्य होते ते अ‍ॅस्पिरिनचे. मोठ्या माणसाची गोळी पाच ग्रेनची. ती मोडून मुलाला द्यावी तर तुकडे सारखे होत नसत. यावर उपाय म्हणून अमेरिकेत सव्वा ग्रेनची, म्हणजे मोठ्या गोळीच्या चतुर्थांशाची, लहान गोळी निघाली आणि मुलांनी ती घ्यावी म्हणून तिला संत्र्याची गोड चव देण्यात आली. हेतू निर्मळ होता. मात्रा अचूक मिळावी, एवढाच. पण मुलांना औषध आणि खाऊ यांतला भेद कोठून कळणार? घरातली मोठी माणसे दुसऱ्या खोलीत गेली की मुले कपाट उघडीत आणि बाटलीच्या बाटली फस्त करीत. अ‍ॅस्पिरिन हे तेथील बालकांच्या विषबाधेचे एक प्रमुख कारण होऊन बसले. १९५३ साली शिकागो येथे विषबाधेसंबंधी सल्ला देणारे पहिले केंद्र निघाले. ड्यूक विद्यापीठातील बालरोगतज्ज्ञ जे अरीना यांनी मुलांना न उघडणाऱ्या झाकणासाठी वर्षानुवर्षे खटपट केली. मुलांच्या गोळ्यांच्या एका बाटलीत छत्तीसपेक्षा अधिक गोळ्या असू नयेत, असे बंधन आले. कॅनडातील विंडसर गावचे डॉक्टर आंरी ब्रो यांच्या खटपटीने १९६७ साली दाबून फिरविल्यावाचून न उघडणारे झाकण तयार झाले, आणि १९७० साली अमेरिकेने अशा वेष्टनाचा कायदाच केला. आज बाटलीचे झाकण उघडताना मोठ्या माणसालाही जो त्रास होतो, त्याच्यामागे एवढा इतिहास आहे. औषध मुलाला ‘गोड खाऊ’ म्हणून कधी देऊ नये, या उपदेशाचे मूळही येथेच आहे.

अ‍ॅस्पिरिनची दुसरी कथा अधिक गंभीर आहे, कारण तिच्यात मात्रा चुकलेली नव्हती. सिडनी येथील मुलांच्या रुग्णालयात डग्लस राय या विकृतिशास्त्रज्ञाने बारा वर्षांच्या अवधीत एकाच विचित्र रीतीने आजारी पडलेली एकवीस मुले पाहिली. साधे सर्दीपडसे वा कांजिण्या बऱ्या होत आल्या असता मूल अकस्मात ओकू लागे, भ्रमिष्ट होई, बेशुद्ध पडे. मेंदूला सूज आणि यकृतात चरबी आढळे. त्या एकवीसपैकी सतरा मुले दगावली. १९६३ साली राय यांनी हे प्रसिद्ध केले, पण कारण हाती लागले नव्हते. ते पुढे १९८० च्या सुमारास अमेरिकेतील तपासांतून पुढे आले. विषाणूच्या तापात अ‍ॅस्पिरिन घेतलेल्या मुलांत हा रोग अधिक आढळत होता. १९८० साली अमेरिकेत या रोगाचे ५५५ रुग्ण नोंदले गेले होते. इशारे दिले गेले, १९८६ साली वेष्टनांवर सूचना सक्तीची झाली, ब्रिटनने त्याच वर्षी बारा वर्षांखालील मुलांसाठी अ‍ॅस्पिरिन बंद केले, आणि १९९४ नंतर अमेरिकेतील रुग्णांची संख्या वर्षाकाठी दोनच्या वर गेली नाही. औषधाची मात्रा योग्य असून भागत नाही; औषधही त्या वयाला योग्य असावे लागते, हा धडा जगाने येथे घेतला. म्हणूनच आज डॉक्टरांनी विशेष कारणासाठी सांगितल्यावाचून मुलाला अ‍ॅस्पिरिन द्यावयाचे नसते. भारतातही याच विचाराने २०११ साली बारा वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइड या तापावरच्या दुसऱ्या औषधावर बंदी आली.

अ‍ॅस्पिरिनच्या जागी आले ते पॅरासिटामॉल. हे औषध सौम्य खरे, पण ते मापात असेपर्यंतच. १९६६ साली ब्रिटनमधील डॉक्टरांनी दाखवून दिले की, त्याचा अतिरेक झाला तर यकृताचा नाश होतो. औषधाचा बहुतेक भाग यकृत निरुपद्रवी करून टाकते; थोड्या भागाचे मात्र एक विषारी द्रव्य बनते. शरीराजवळ त्या द्रव्यावर उतारा असतो, पण त्याचा साठा मर्यादित आहे. मात्रा वाढली की साठा संपतो आणि विष मोकाट सुटते. अपाय एकाच मोठ्या मात्रेने होतो असेही नाही. दोन-तीन दिवस प्रत्येक वेळी थोडे थोडे अधिक दिल्यानेही तो होऊ शकतो. आणि उपाशी, ओकणाऱ्या, अशक्त मुलाजवळ हा साठा आधीच कमी असतो. यातील कपट असे की, पहिल्या दिवशी मूल ठीकच दिसते. उतारा म्हणून देण्याचे औषध १९७० नंतरच्या दशकात सापडले. परंतु त्याचा गुण पहिल्या आठ तासांत सर्वांत चांगला येतो. म्हणून मात्रा अधिक गेल्याचे कळताच, मूल हसतखेळत असले तरी, रुग्णालय गाठावयाचे असते. लक्षणांची वाट पाहणे म्हणजे उताऱ्याची वेळ घालविणे होय.

मग माप चुकते कोठे? पहिली चूक होते ती औषधाच्या तीव्रतेत. भारतात मिळणाऱ्या पॅरासिटामॉलच्या थेंबांच्या बाटलीत सामान्यतः एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असते. साध्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरमध्ये १२० वा १२५ मिलिग्रॅम असते, आणि तीव्र सिरपमध्ये तेवढ्याच मापात २५०. मुलाची एका वेळची मात्रा दर किलो वजनामागे १० ते १५ मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला अधिकात अधिक १५० मिलिग्रॅम. हे १५० मिलिग्रॅम थेंबांच्या औषधाच्या दीड मिलिलिटरमध्ये येतात, तीव्र सिरपच्या तीन मिलिलिटरमध्ये आणि १२५ च्या साध्या सिरपच्या सहा मिलिलिटरमध्ये. औषध तेच, मूल तेच, आणि मापे तीन! थेंबांचे औषध तान्ह्यांसाठी म्हणून ते सौम्य असेल, असा समज सर्वत्र आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. थोड्या थेंबांत काम भागावे म्हणून ते अधिक तीव्र केलेले असते. कोणी ते पाच मिलिलिटरचा चमचा भरून पाजले, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम, म्हणजे मोठ्या माणसाची एक सबंध गोळी जाते. याच घोटाळ्यापायी अमेरिकेत २०११ साली उत्पादकांनी तीव्र थेंब बंद करून तान्ह्यांचे व मुलांचे औषध एकाच तीव्रतेचे करण्याचे ठरविले.

दुसरी चूक चमच्याची. एके काळी गावोगावच्या दवाखान्यांत कंपाउंडर काचेच्या बाटलीत मिक्स्चर भरून बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी डकवीत असे. पट्टीचा एक खण म्हणजे एक डोस. निरक्षर आईलाही ते माप वाचता येई. तयार बाटल्या आल्या, पट्टी गेली, आणि मापाचा भार घरच्या चमच्यावर पडला. पण चमचे कोणी एका मापाने घडविलेले नसतात. २०१० साली ग्रीसमधील काही घरांतले चहाचे चमचे मोजून पाहिले, तेव्हा कोणात अडीच मिलिलिटर मावले तर कोणात सात मिलिलिटरांहून अधिक. एकाच ‘चमचाभर’ या शब्दात जवळजवळ तिपटीचा फरक! अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली म्हणूनच सांगितले की, मुलांच्या पातळ औषधाची मात्रा केवळ मिलिलिटरमध्येच लिहावी, चमच्याचे नावच नको. बाटलीबरोबर येणारे माप, ड्रॉपर किंवा बिनसुईची पिचकारी हीच खरी साधने. लहान मात्रेसाठी तर पिचकारीसारखे अचूक दुसरे काही नाही. एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्या औषधाला वापरू नये, कारण त्यावरील खुणा त्याच औषधासाठी आखलेल्या असतात.

तिसरी चूक वेळेची आणि दुहेरी औषधाची. पॅरासिटामॉलच्या दोन मात्रांत निदान चार ते सहा तासांचे अंतर हवे, आणि चोवीस तासांत चारपेक्षा अधिक मात्रा नकोत. संध्याकाळी आईने दिले, तासाभराने ते ठाऊक नसलेल्या आजीने दिले, आणि रात्री सर्दीचे म्हणून दिलेल्या तिसऱ्या बाटलीतही पॅरासिटामॉलच होते, असे घरोघर घडू शकते. सर्दीखोकल्याच्या संमिश्र औषधांत ते पुष्कळदा लपलेले असते. अशा औषधांतील क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन ही जोडी चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असे भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ साली बजावले आहे. इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे स्ट्युअर्ट अ‍ॅडम्स यांनी १९६१ च्या सुमारास शोधलेले आयबुप्रोफेन हेही मुलांच्या तापासाठी वापरतात. पण त्याचा हिशेब निराळा आहे. दर किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, आणि अंतर सहा ते आठ तासांचे. सहा महिन्यांखालील बाळाला, जुलाब-वांत्यांनी सुकलेल्या मुलाला, कांजिण्यांत किंवा डेंग्यूचा संशय असता ते डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर औषधाचे नाव, मात्रा आणि घटका लिहून ठेवली, तर निम्मे अपघात टळण्याजोगे आहेत.

या सर्व चुकांच्या मुळाशी आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे भय. १९८० साली बार्टन श्मिट या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी पालकांच्या तापाविषयीच्या अवाजवी भीतीला ‘तापाचा बागुलबुवा’ अशा अर्थाचे नाव दिले. ताप हा बहुधा शरीराच्या लढ्याचा भाग असतो. औषध द्यावयाचे ते मुलाला आराम पडावा म्हणून, थर्मामीटरचा आकडा हरविण्यासाठी नव्हे. शांत झोपलेल्या मुलाला केवळ आकड्यापायी उठवून औषध पाजण्याचे प्रयोजन नाही. ज्या ठिकाणी भय खरोखर योग्य आहे, तेथे मात्र औषधाची बाटली पुरी पडत नाही. तीन महिन्यांखालील बाळाला ताप आला, मूल मरगळून पडले, दूध-पाणी घेईना, श्वास जोराने चालू लागला, आकडी आली किंवा ताप तीन दिवसांत उतरेना, तर मार्ग एकच, आणि तो डॉक्टरांकडे जातो.

वावडिंगाच्या फळापासून पिचकारीवरच्या बारीक रेघेपर्यंतचा हा प्रवास असा आहे. काश्यपसंहितेने मर्यादा सांगितली, यंगने अपूर्णांक दिला, वजनाने तो सुधारला. संत्र्याच्या गोड गोळीने झाकण शिकविले, सिडनीच्या सतरा बालकांनी औषधाची निवड शिकविली, आणि थेंब व सिरप यांच्या घोटाळ्याने बाटलीवरचा आकडा वाचावयास लावले. या ज्ञानाची किंमत ज्या घरांनी भरली, त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. ते ज्ञान आता प्रत्येक बाटलीवर छापलेले मिळते; वाचण्याचे कष्ट तेवढे उरले आहेत.

सहाणेपाशी बसलेली आजी वेढे मोजताना कोणाशी बोलत नसे. बोललो तर मोजणी चुकेल, आणि मोजणी चुकली तर भोगावे लागेल ते बाळाला, हे ती जाणत होती. मध्यरात्री दिव्याखाली बाटली धरणाऱ्या हातालाही तेवढीच क्षणभराची स्तब्धता हवी. मुलाचे वजन किती, या बाटलीत औषध किती, आणि मागची मात्रा केव्हा दिली, हे तीन प्रश्न विचारावयास एक मिनिटही लागत नाही. चमचा स्वयंपाकघरात परत जाऊ द्यावा आणि माप हाती घ्यावे.